बल्बसमोर धरलेली बाटली

जिलेटिन आधी गार पाण्यात भिजवायचं. अर्धा कप पाणी, त्यात लहान चमचाभर पावडर. दाणे फुगून साबुदाण्यासारखे दिसायला लागले की मंद आचेवर गरम करायचं, पण उकळी येऊ द्यायची नाही. उकळलं की त्याचा गुण जातो. बोट बुडवलं तर चटका बसेल इतपत गरम झालं की दाणे विरघळतात आणि कपात पुन्हा नुसतं पाणी असल्यासारखं वाटतं. मग ते फ्रिजमध्ये थंडगार करून ठेवलेल्या बिअरमध्ये ओतायचं, झाकण लावायचं आणि दोन-तीन दिवस तिकडे फिरकायचं नाही. तेवढ्यात बिअरमध्ये तरंगणारं यीस्ट आणि बाकीचा गढूळपणा जिलेटिनला चिकटून तळाशी बसतो. पहिला ग्लास गाळाचा निघतो, तो फेकायचा. दुसऱ्या ग्लासातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं.

लहानपणी नळाला गढूळ पाणी आलं की आई हंड्यात तुरटी फिरवायची. तुरटीचा खडा दोऱ्याला बांधलेला असायचा आणि काम झालं की खिळ्याला टांगून ठेवायचा. जिलेटिन बिअरमध्ये तेच करतं. फरक एवढाच की तुरटी खनिज आहे आणि जिलेटिन जनावराचं. इथे सुपरमार्केटमध्ये केकच्या सामानाच्या फळीवर मिळतं, आणि डुकराचं आहे असं पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं. आमच्या घरात मांसाहाराचं वावडं कधीच नव्हतं, त्यामुळे मला ते खटकलं नाही. खटकायला हवी होती ती गोष्ट वेगळी. आम्ही बौद्ध आहोत, आणि पंचशीलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं आहे.

मी फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नमध्ये राहतो. आमच्या इमारतीच्या तळघरात प्रत्येक घराला जाळीच्या भिंतींची एक खोली आहे. इथे तिला केलर म्हणतात. बाकीच्यांच्या केलरमध्ये सायकली, स्की आणि जुने सोफे असतात. माझ्या केलरमध्ये एक जुना फ्रिज, वीस लिटरचं स्टीलचं पिंप, म्हणजे केग, गॅसचं नळकांडं, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांची पाकिटं आणि तारेच्या खटक्याच्या बुचांच्या तपकिरी बाटल्यांचे क्रेट आहेत. साथीच्या काळात घरून काम करताना मला हा नाद लागला. पिण्यापेक्षा करण्याचा नाद जास्त, असं मी स्वतःला सांगायचो. ते बऱ्याच अंशी खरं होतं. पण मी पीत होतो हेही खरं आहे.

बायकोला सगळं माहीत होतं. तिचं म्हणणं असं की, "आपल्यातले निम्मे पितात. तू एकटाच असा आहेस जो पितो आणि वर तोंड पाडून बसतो. एक काहीतरी कर."

तिचं बरोबर होतं. अपराधी वाटून घेणं हा माझा जुना स्वभाव आहे. दह्याच्या डब्याचं झाकण चुकीच्या कचऱ्यात पडलं तरी मला दिवसभर टोचत राहतं. त्यामुळे खरोखरच काही टोचण्यासारखं घडतं तेव्हा ते नेहमीच्या टोचण्याहून वेगळं आहे हे कळायला मला वेळ लागतो.

माझी बिअर चवीला बरी व्हायची, पण दिसायला गढूळ. ऑफिसमध्ये माझ्या शेजारी बसणारा जर्मन सहकारी एकदा घरी आला होता. त्याने ग्लास खिडकीकडे धरला आणि विचारलं, "ही बिअर आहे की तुमची ती डाळ?"

मी म्हणालो, "डाळच आहे. वरून फोडणी द्यायची राहिली."

तो हसला, ग्लास संपवला आणि दुसरा मागितला. मलाही हसू आलं, पण त्याचं बोलणं मनात राहिलं. तो आता नोकरी सोडून त्सुफेनहाउझेनला, श्टुटगार्टकडच्या एका गाड्यांच्या कारखान्यात चालला होता. त्याच्या निरोपाच्या पार्टीला बिअर मी आणायची असं ठरलं. यावेळी त्याला डाळ म्हणायला जागा ठेवायची नाही, असं मी ठरवलं.

जिलेटिनचा उपाय मला आधीच माहीत होता, पण सफरचंदाच्या रसासाठी. शरद ऋतूत टाउनुस डोंगराच्या पायथ्याच्या गावांत झाडांखाली सफरचंदांचा सडा पडतो. लोक पोत्यांत भरून केल्टरवर, म्हणजे रस काढण्याच्या गिरणीवर, नेतात. तिथल्या बाईंनी मला सांगितलं होतं की रस स्वच्छ हवा असेल तर थोडं जिलेटिन घाल. मी तसा रस करून, केगमधून गॅस भरून, आमच्या लोकांच्या कार्यक्रमांना न्यायला लागलो. सोनेरी, पारदर्शक, हलके बुडबुडे. "दुकानातल्यासारखा झालाय," असं सगळे म्हणायचे. आमच्यात याहून मोठी स्तुती नाही.

म्हणजे माझ्या केलरमध्ये सारख्याच क्रेटमध्ये, सारख्याच तपकिरी बाटल्यांत दोन पेयं असायची. लेबल मी कधी लावलं नाही. ओळखायची पद्धत सोपी होती. बाटली बल्बसमोर धरायची. आरपार उजेड आला की ज्यूस, धुकं दिसलं की बिअर. कित्येक महिने ही पद्धत एकदाही चुकली नाही.

आता आमच्या लोकांविषयी. फ्रँकफर्टच्या आसपास आमची काही कुटुंबं आहेत. कोणी विमानतळावर, कोणी बँकेत, कोणी संशोधन संस्थेत. वर्षातून दोन-तीनदा आम्ही ब्युर्गरहाउसचा, म्हणजे गावच्या सार्वजनिक सभागृहाचा, हॉल भाड्याने घेतो. टेबलावर पांढरी चादर, त्यावर दोन तसबिरी, फुलं आणि सेलवर चालणाऱ्या मेणबत्त्या. खऱ्या मेणबत्त्या लावल्या तर धुराचा अलार्म वाजतो. एकदा वाजला होता, आणि अग्निशमन दलाचे लोक येऊन खीर खाऊन गेले होते.

वंदना घ्यायचे ते काका. कुणा एकाचे नव्हेत, सगळ्यांचेच काका. बँकेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, काकू गेल्यानंतर मुलाकडे इथे आलेले. उंच, सडपातळ, हिवाळ्यातसुद्धा पांढरा शर्ट. ते पुढे उभे राहून त्रिशरण-पंचशील म्हणायचे आणि आम्ही पाठोपाठ. वंदना झाली की ते चार शब्द बोलायचे आणि त्यात एक वाक्य हमखास असायचं: "दारूचा एक थेंब या ओठांना शिवलेला नाही." ते वाक्य ते अभिमानाने म्हणायचे नाहीत. आपलं गाव सांगावं तसं म्हणायचे.

मुलं कंटाळून जर्मनमध्ये कुजबुजायची. मोठे मान डोलवायचे. मी खाली बघायचो.

मग काकांनी परत जायचं ठरवलं. इथला हिवाळा सोसत नाही असं त्यांचं कारण. मुलगा म्हणाला, "अहो बाबा, आता तर उन्हाळा येतोय," तर म्हणाले, "तो येतो आणि जातो. हिवाळा राहतो." बुद्धपौर्णिमेच्या आधी त्यांचा मला फोन आला.

"यंदा वंदना तू घे."

"मी? काका, तुम्ही आहात की."

"मी आहे म्हणूनच म्हणतोय. मी असताना एकदा घे, म्हणजे चुकलास तर सांगता येईल. तुझे उच्चार स्वच्छ आहेत. तुझ्या वडिलांनी शिकवलेलं दिसतं."

वडिलांनीच शिकवलं होतं. मी हो म्हणालो. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण केलरमध्ये फ्रिजमध्ये होतं. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "आता?"

"आता काय?"

"आता तर मग एक तरी बंद कर. केलर नाहीतर वंदना."

पार्टी झाली की बंद करतो, असं मी म्हणालो. ते मी त्या क्षणी खरंच ठरवलं होतं का, हे आज सांगता येत नाही.

पार्टी पौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर लगेच, सोमवारी होती. म्हणून त्या आठवड्यात दोन्ही कामं झाली. शरदात काढून साठवलेला ज्यूस भरून झाला. नंतर केग धुऊन त्यात बिअर घातली, थंड केली आणि पहिल्यांदाच बिअरमध्ये जिलेटिन ओतलं. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी मी पहिला गढूळ ग्लास फेकला आणि दुसरा भरला. मी असा ग्लास आयुष्यात भरला नव्हता. पिवळसर सोन्याचा रंग, कुठे एक कण नाही. मी तो केलरच्या बल्बसमोर धरला आणि मला बल्बची तार दिसली. त्याच आनंदात सगळ्या बाटल्या भरल्या, बुचं बसवली आणि क्रेट ज्यूसच्या क्रेटशेजारी ठेवला.

सकाळी घाई होती. बायको खिरीचं पातेलं घेऊन गाडीत बसली होती. मी पांढरा सदरा घालून खाली गेलो, एका क्रेटमधली बाटली काढली आणि सवयीने बल्बसमोर धरली. आरपार उजेड. ज्यूस. क्रेट उचलला आणि निघालो.

वंदना चांगली झाली. हे मी लाजत सांगतो, पण चांगली झाली. हॉलचं छत उंच आहे, आवाज घुमतो. पाचवं शील म्हणताना आपला आवाज अडखळेल अशी मला भीती होती, आणि थोडी आशाही होती. तो जराही अडखळला नाही. मी म्हणालो, माझ्यामागून सगळा हॉल म्हणाला, पहिल्या रांगेत काका डोळे मिटून म्हणाले. संपल्यावर त्यांनी जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "श्वास जरा आधी घे. बाकी उत्तम."

मग जेवणं सुरू झाली. मी भाताच्या पातेल्यापाशी वाढायला उभा होतो. मुलांसाठी कोपऱ्यात ज्यूसचे छोटे टेट्रापॅक ठेवले होते आणि ती सगळी तिकडेच होती. हे आधीच सांगतो, कारण नंतर माझी पहिली नजर तिकडेच गेली. काका मोठ्यांच्या टेबलाशी होते. त्यांना माझा ज्यूस आवडायचा. त्यांनी क्रेट जवळ ओढला, स्वतः एक बाटली उघडली, घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्यात ओतली आणि उभ्यानेच प्यायले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. घशाला कोरड पडली असणार.

त्यानंतर त्यांनी टेबलावरच्या इतर चौघांचे पेले भरले. चौघेही माझ्याच वयाचे, इंजिनिअर. तिथे झालेलं बोलणं मला नंतर त्यांच्यातल्या एकाने सांगितलं, आणि त्याने सांगताना एकही शब्द सोडला नसावा.

"घ्या, घरचा आहे. वरून साखर नाही," काका म्हणाले.

चौघांनी एकेक घोट घेतला. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चौघांनी पेल्यात पाहिलं.

"कसा आहे?"

"छान आहे, काका."

"फ्रेश आहे," दुसरा म्हणाला.

"जरा कडवट नाही वाटत? मागच्या वेळी गोड होता."

"सालीसकट काढला असेल," तिसरा म्हणाला.

"हो, हो, सालीचंच," चौथा म्हणाला. "सालीतच सगळी जीवनसत्त्वं असतात."

"मग संपवा. उष्टं टाकायचं नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी स्वतःचा पेला पुन्हा भरला.

त्या चौघांपैकी कुणालाही ही काय वस्तू आहे हे सांगता आलं नाही. सांगायचं म्हणजे चव ओळखली असं कबूल करायचं. अर्ध्या तासापूर्वी चौघेही पाचवं शील मोठ्याने म्हणाले होते. ज्याला ती चव अजिबात माहीत नव्हती असा त्या टेबलावर एकच माणूस होता, आणि तोच वाढत होता.

त्यातला एक भात घ्यायला माझ्याकडे आला. ताट पुढे करून हळूच म्हणाला, "दादा, ज्यूस एक नंबर. हॉप्स कुठले?"

माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला. मी आधी मुलांकडे पाहिलं. सगळ्यांच्या हातात टेट्रापॅक. मग टेबलाकडे गेलो. "काका, हा ज्यूस खराब झालाय, आंबलाय, पिऊ नका," असं म्हणत मी क्रेट उचलला. तेही अर्धसत्यच होतं. आंबला होताच.

"खराब कसा? मला काही झालं नाही," काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "ठेव तो खाली आणि बस. वंदना झाली, आता जरा बस माणसात."

मी बसलो. आणि काका बोलायला लागले. एरवी ते जेवताना बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी थोरल्या भावाविषयी सांगितलं, जे आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. भाऊ रेल्वेत गँगमन होता. सुरेख ढोलकी वाजवायचा. पगाराच्या दिवशी हातभट्टीवरून दोघं-तिघं त्याला खांद्यावर घालून घरी आणायचे, आणि काकांचं काम दाराची कडी काढायचं. एकदा त्याला कुणी आणलं नाही. काका तेव्हा कॉलेजात होते. त्यानंतर त्यांनी वस्तीतल्या पोरांना गोळा करून भट्टी बंद पाडली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा पाडली. "लोक मला म्हणायचे, अरे, तू कधी चाखली नाहीस, तुला काय कळणार माणूस का पितो? मी म्हणायचो, नाही कळणार. नकोच कळायला. एक थेंब या ओठांना शिवलेला नाही."

समोरच्या चार पेल्यांत अजून थोडी उरली होती. कुणाची मान वर नव्हती. काकांनी आपला पेला उचलला, तो रिकामा होता, आणि परत ठेवला.

कार्यक्रम संपल्यावर हॉलमागच्या पार्किंगमध्ये ते चौघे माझ्या गाडीपाशी जमले. एकाला हसू आवरत नव्हतं, पण ते चांगलं हसू नव्हतं.

"कुणी बोलायचं नाही," एक म्हणाला. "म्हातारा माणूस आहे, पुढच्या महिन्यात चाललाय."

"आणि तसं बघितलं तर शील मोडलेलंच नाही," दुसरा म्हणाला. "हेतू लागतो. नकळत झालं तर मोडत नाही. त्यांचं नाही मोडलं."

"गेनाऊ, बरोबर. आपलं मोडलं," तिसरा म्हणाला. त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

मीही तेच धरून बसलो. काकांचं शील शाबूत आहे. शास्त्र त्यांच्या बाजूने आहे. सोमवारी पार्टी झाली. सहकाऱ्याने ग्लास खिडकीकडे धरला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "डाळ कुठे गेली?" सगळे टाळ्या वाजवून हसले. मी त्या दिवशी प्यायलो नाही. पण त्याला फार अर्थ नव्हता.

मला झोपू न देणारी गोष्ट दुसरीच होती. शील मोडलं नव्हतं, पण काकांचं वाक्य खोटं झालं होतं. ते परत जातील, तिथल्या विहारात उभे राहतील, पोरांसमोर म्हणतील, एक थेंब शिवलेला नाही. आयुष्यभर खरं असलेलं वाक्य ते आता मनापासून खोटं बोलतील आणि त्यांना कळणारही नाही. ते खोटं माझ्या केलरमधून गेलेलं असेल. आणि या वाक्यावर त्यांचा भाऊ, ती भट्टी, सगळं उभं होतं.

मी बायकोला म्हणालो, "सांगू का त्यांना?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "सांगितलंस तर तुला बरं वाटेल. त्यांना वाटेल का?"

"नाही वाटणार."

"मग नीट विचार करून जा. रडायला जाऊ नकोस तिथे. सांग आणि ते काय म्हणतील ते ऐकून घे."

मी गेलो. मुलगा-सून कामावर होते. काका बैठकीत जमिनीवर बसून बॅग भरत होते. सुनेने आत ठेवलेली चॉकलेटं काढून पुस्तकं घालत होते. मला बघून म्हणाले, "ये. ही सगळी माझ्यावर साखर लादतायत. चहा घेणार?"

मी नको म्हणालो, समोर बसलो आणि सांगून टाकलं. केलर, बिअर, जिलेटिन, बल्ब, क्रेट. कारणं द्यायची नाहीत असं ठरवून गेलो होतो, पण जिलेटिनचं सांगताना मी फार वेळ लावला. बिअर इतकी स्वच्छ झाली नसती तर मला ओळखू आली असती, हे त्यांना पटवून देत राहिलो. त्यांनी मध्येच हात वर केला.

"म्हणजे ते ते होतं?"

"हो."

"दोन पेले."

"हो, काका."

ते हातातलं पुस्तक बघत राहिले. रागावतील असं मला वाटलं होतं. किंवा म्हणतील, जाऊ दे बाळा, नकळत झालं. यातलं काहीच झालं नाही. ते बराच वेळ जिभेने काहीतरी शोधत असल्यासारखे बसले. मग म्हणाले,

"एवढंच असतं त्यात?"

मला कळलं नाही.

"एवढंच? कडवट पाणी? आमच्या दादाने याच्यासाठी..." त्यांनी हातातलं पुस्तक उलटं करून पाहिलं. मग म्हणाले, "त्याची जास्त कडक असणार म्हणा."

"हो. ती खूप कडक असते."

"तू ती पण प्यायलायस?"

"नाही."

"मग तुला काय माहीत?" त्यांनी पुस्तक बॅगेत ठेवलं. "मी इतकी वर्षं समजत होतो की त्यात काहीतरी असणार. काहीतरी भारी. त्याशिवाय माणूस घर सोडून तिकडे कसा जाईल. निदान गोड तरी असेल." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "हे कळायला नको होतं मला."

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही, ते कळलं नाही. चॉकलेटं त्यांनी माझ्या हातात दिली, मुलांना दे म्हणाले. मी उठलो तेव्हा दारापर्यंत आले.

"त्या दिवशी पाचवं शील तू दिलंस आम्हाला."

"हो."

"पुढे देऊ नकोस. आवाज चांगला आहे म्हणून मी तुला निवडलं. ती चूक माझी." मग दार उघडत, "बाकीची चार म्हणत जा. त्यांना काही झालेलं नाही."

काकांच्या निरोपाच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता. वंदना एका संशोधन संस्थेत काम करणाऱ्या तरुण मुलीने घेतली. काकांनी दोन दिवस फोनवर तिच्याकडून म्हणून घेतलं होतं. मी मागच्या रांगेत होतो. ते चौघेही माझ्या आसपासच होते. शेवटी काका चार शब्द बोलायला उभे राहिले. हवामान, मुलाचे आभार, सुनेचे आभार, अग्निशमन दलाचा किस्सा. मग ते आपल्या वाक्याशी आले. मी पाय घट्ट रोवून उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"दारूचा एक थेंब," ते म्हणाले, आणि थांबले. इतक्या वर्षांत त्या जागी ते कधी थांबले नव्हते. "जाणूनबुजून दारूचा एक थेंब मी या ओठांना लावलेला नाही."

लोकांनी नेहमीप्रमाणे मान डोलवली. त्या चौघांपैकी कुणाची मान हलली नाही. हॉलमध्ये बाकी कुणाला तो नवा शब्द ऐकू आला असेल असं वाटत नाही.

काका गेल्याला आता बरेच महिने झाले. सणाला ते ग्रुपवर फोटो टाकतात. मी बिअर करणं बंद केलेलं नाही. इतकं सगळं सांगितल्यावर हेही सांगायला हवं. कमी केलं आहे. एकटा पीत नाही. वंदनेला मागच्या रांगेत उभा राहतो आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे चार शीलं म्हणतो. पाचव्याला माझे ओठ मिटलेले असतात. बायकोला ते दिसतं.

जिलेटिन मात्र आता फक्त ज्यूसमध्ये घालतो. क्रेटवर चिकटपट्टी लावून नावं लिहिली आहेत, तरी केलरमधून बाटली नेताना ती बल्बसमोर धरतोच. बिअर पुन्हा पहिल्यासारखी गढूळ होते. सहकारी श्टुटगार्टहून एकदा येऊन गेला. ग्लास खिडकीकडे धरून म्हणाला, "परत डाळ?"

"परत डाळ," मी म्हणालो.